शिकागोचा महापौर: मतपत्रिकेवर पक्षच नाही, मत द्यायचं कशावर?

लेकसाइडची_लेक | १२ फेब्रुवारी २०२३

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली आणि नोव्हेंबरात पहिलं मत दिलं. ते सोपं गेलं. नावापुढे पक्ष लिहिलेला, आपला कल आधीच ठरलेला, दहा मिनिटांत बाहेर. आता २८ तारखेला शिकागोच्या महापौरपदाची निवडणूक आहे. नमुना मतपत्रिका छापून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलीय. तिच्यावर चहाचे दोन गोल उमटले, तरी माझं काही ठरत नाही.

नऊ नावं आहेत. लोरी लाइटफूट (सध्याच्या महापौर), पॉल वॉलस, ब्रँडन जॉन्सन, चुय गार्सिया, विली विल्सन, जमाल ग्रीन, कॅम बकनर, सोफिया किंग, रॉडरिक सॉयर. कुणाच्याही नावापुढे काही नाही. खाली आमच्या वॉर्डाचा नगरसेवक, तिथेही पक्ष नाही. त्याखाली पोलिसांच्या कामावर लक्ष ठेवणारी पोलीस डिस्ट्रिक्ट कौन्सिल, ही यंदा पहिल्यांदाच निवडून द्यायची आहे. २२ डिस्ट्रिक्ट, प्रत्येकी तीन सदस्य. त्यातलं एकही नाव मी आजवर ऐकलेलं नाही.

पन्नास टक्क्यांच्या वर कुणीच गेलं नाही तर पहिल्या दोघांत ४ एप्रिलला दुसरी फेरी.

तर प्रश्न असा: पक्ष काढून टाकल्याने मतदाराचं भलं होतं की नुसता गोंधळ वाढतो? आणि तुम्ही अशा वेळी कशावर ठरवता? घरी विचारलं तर नवरा म्हणतो, "ज्याची पत्रकं सगळ्यात कमी आली त्याला दे." रद्दीचा निळा डबा पत्रकांनीच भरलाय, त्यामुळे सूचना अगदीच वाईट नाही.

आगाऊ_कार्टं | १२ फेब्रुवारी २०२३

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

नेपरव्हिल_काकू | १२ फेब्रुवारी २०२३

अभिनंदन गं! आमच्या नेपरव्हिल उपनगरातही ४ एप्रिललाच महापौराची निवडणूक आहे आणि आमच्याही मतपत्रिकेवर पक्ष नसतो. पण कोण कुठला हे सगळ्यांना माहीत असतं. कुणाच्या अंगणात कुणाची पाटी लागलीय ते बघायचं. नोव्हेंबरात ज्यांच्याकडे ज्या पक्षाची पाटी होती, त्यांच्याकडे एप्रिलमध्ये कुणाची आहे एवढं जुळवलं की झालं. मी रोज संध्याकाळी चालायला जाते, माझा सर्व्हे आपोआप होतो.

आगाऊ_कार्टं | १२ फेब्रुवारी २०२३

काकू, तुम्ही भारतात गेल्यावर "आम्ही शिकागोला असतो" सांगता ना? मग मतही शिकागोत द्या की! (दिवा घ्या, म्हणजे लाइटली घ्या.)

नेपरव्हिल_काकू | १२ फेब्रुवारी २०२३

विरारचे लोक बाहेरगावी "मुंबईला असतो" सांगतात तसंच ते. विमानतळावर कुणी नेपरव्हिल कुठे ते विचारलं तर नकाशा काढून बसू का?

अण्णा_शिकागोकर | १३ फेब्रुवारी २०२३

मी इथे १९७८ साली आलो, त्यामुळे जरा लांबण लावतो. हे बिनपक्षी प्रकरण शिकागोत कायमचं नव्हतं. आधी इथे रीतसर पक्षांच्या प्राथमिक फेऱ्या होत, म्हणजे पक्षाचा उमेदवारही मतदारच निवडत. खरी निवडणूक डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीतच उरकायची, एप्रिलची नुसती हळदीकुंकवाला. या शहरात १९३१ नंतर रिपब्लिकन महापौर झालेला नाही.

माझा पहिला हिवाळा म्हणजे जानेवारी १९७९ चं हिमवादळ. गाडी पूर्ण गाडली गेली होती. फावडं नव्हतं, म्हणून आईने लग्नात दिलेली स्टीलची परात घेऊन मी बर्फ उपसला. ती परात अजून आहे, एका बाजूने चेपलेली. रस्ते साफ होईनात. महापौर बिलँडिक सांगत होते, शाळांच्या आवारातली जागा साफ केलीय, गाड्या तिथे लावा. लोक गेले तर तिथेही गुडघाभर बर्फ. वर आणि लोकल गाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या काही स्टेशनांवर न थांबता जाऊ लागल्या. फेब्रुवारीत जेन बर्न बाईंनी त्यांना प्राथमिक फेरीत पाडलं. बर्फ कुठल्या पक्षाचा होता? तेव्हापासून इथला प्रत्येक महापौर हवामान खात्याला घाबरून असतो.

मग १९८३. डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत बर्न बाई, धाकटे डेली (जुन्या महापौर डेलींचे चिरंजीव) आणि हॅरॉल्ड वॉशिंग्टन. गोऱ्या मतदारांची मतं पहिल्या दोघांत फुटली, वॉशिंग्टन ३६ टक्क्यांवर जिंकले. नेहमीच्या हिशेबाने इथे विषय संपायला हवा होता. पण समोर कृष्णवर्णीय उमेदवार आहे म्हटल्यावर पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट असलेले लोक रातोरात बर्नार्ड एप्टन या रिपब्लिकनामागे गेले. वॉशिंग्टन ५२ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जेमतेम निघाले. म्हणजे मतपत्रिकेवर पक्ष होता, आणि लोकांनी तो बघितलाच नाही.

आता मुद्द्याचं. १९८६ मध्ये वॉशिंग्टनच्या विरोधकांनी टूम काढली की महापौराची निवडणूक पक्षाविना आणि दोन फेऱ्यांत घ्यावी. म्हणजे मतं फुटून हे पुन्हा निवडून यायला नकोत. त्यासाठी सह्या गोळा करून जनमताचा प्रश्न मतपत्रिकेवर आणायचा बेत होता. वॉशिंग्टन त्यांच्या वरताण निघाले. एका वेळी तीनच प्रश्न ठेवता येतात असा नियम आहे. त्यांच्या बाजूच्या नगरसेवकांनी दुसरेच तीन प्रश्न मंजूर करून जागा भरून टाकल्या! पुढे १९९५ साली राज्याच्या विधिमंडळात रिपब्लिकनांचं बहुमत असताना तोच कायदा झाला आणि १९९९ पासून हे असं चाललंय. तेव्हा "पक्षविरहित" या शब्दाने भारावून जाऊ नकोस बेटा. तो जन्मालाच राजकारणातून आलाय.

धुक्यातली_वाट | १३ फेब्रुवारी २०२३

अण्णा, __/\__ परातीचा फोटो टाका.

आगाऊ_कार्टं | १३ फेब्रुवारी २०२३

अवांतर: शिकागोत बर्फ उपसल्यावर त्या जागेवर जुनी खुर्ची ठेवतात आणि जागा आपली झाली असं धरतात, ते खरं आहे का?

अण्णा_शिकागोकर | १३ फेब्रुवारी २०२३

खरं आहे. "डिब्ज" म्हणतात. खुर्ची, इस्त्रीचं टेबल, तुटकी बाबागाडी, काहीही चालतं. कायद्यात बसत नाही, पण हात कुणी लावत नाही. यष्टीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ओढ्याकाठचा | १३ फेब्रुवारी २०२३

ताई, तुम्ही हे सगळं अमेरिकेतलं नवल म्हणून सांगताय, पण आमच्या ग्रामपंचायतीला काय वेगळं असतं? कायद्यानं ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. कपबशी, नारळ, शिट्टी, छत्री असली चिन्हं. कागदावर सगळे अपक्ष. आणि गावात? एक "भैरवनाथ ग्रामविकास पॅनेल", दुसरं "जय भैरवनाथ परिवर्तन पॅनेल". देव एकच, पॅनेल दोन. कुठल्या पॅनेलमागं कुठला आमदार हे शाळेतलं पोर सांगतं. निकालाच्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर चारही पक्ष म्हणतात, सर्वाधिक ग्रामपंचायती आमच्याच. सगळ्यांची बेरीज केली तर राज्यात आहेत त्याहून जास्त भरतील.

माझा चुलता एकदा शिट्टीवर उभा होता. प्रचारात पोरांना शिट्ट्या वाटल्या. आठ दिवस गावातली कुत्री झोपली नाहीत. पडला. कशानं पडला? भावकीनं. तुमच्या शिकागोत भावकी नसंल, पण वंश, वस्ती, युनियन असंलच की. चिन्ह काढलं म्हणून माणसातलं कुंपण जात नाही.

सदाशिव_शनिवार | १३ फेब्रुवारी २०२३

पक्षविरहित कारभारच हवा असेल तर पुणे महापालिकेचा आदर्श घ्यावा. मार्च २०२२ पासून निवडणूकच नाही, प्रशासक बसले आहेत. पक्ष नाही, नगरसेवक नाही, महापौर नाही. खड्डे मात्र पूर्ववत.

नेपरव्हिल_काकू | १३ फेब्रुवारी २०२३

हसून चहा सांडला.

लोनस्टार_लंबोदर | १४ फेब्रुवारी २०२३

डॅलसवरून लिहितोय. मला ही पद्धत मनापासून पटते. खड्डा बुजवायला विचारसरणी लागत नाही. आमचे महापौर एरिक जॉन्सन २०१९ मध्ये निवडून आले. त्याआधी ते डेमोक्रॅट म्हणून राज्याच्या विधिमंडळात होते, पण शहरात कुणी तो विषय काढत नाही. येत्या मे महिन्यात पुन्हा निवडणूक आहे आणि मतपत्रिकेवर त्यांचं एकट्याचंच नाव असणार. याला म्हणतात पक्षाच्या वर उठणं.

पुण्याच्या सदाशिवरावांसाठी: डॅलसचा कारभारही खरं तर नेमलेला सिटी मॅनेजरच बघतो, तुमच्या आयुक्तासारखा. महापौर सभा चालवतो, एक मत देतो आणि फिती कापतो. शिकागोचा महापौर मात्र खरा कारभारी. त्यामुळे दोन्हीकडची "महापौर निवडणूक" एका तराजूत तोलू नका.

अण्णा_शिकागोकर | १४ फेब्रुवारी २०२३

मॅनेजरची कल्पना रुजली तीही संकटातूनच. १९०० च्या वादळात गॅल्व्हस्टन उद्ध्वस्त झालं तेव्हा नगरसभा बाजूला सारून कमिशन नेमलं. १९१३ च्या पुरानंतर ओहायोतल्या डेटनने मॅनेजर आणला. पक्षांच्या टोळ्यांना वैतागलेल्या सुधारकांनी ते उचलून धरलं, पक्षाविना निवडणुकीसकट. हेतू चांगला होता. पण टोळीचा माणूस निदान कोळशाची पोती घरी पोचवायचा आणि पोराला नोकरी लावायचा. गरीब मतदाराला पक्षाची ती एकच खूण ठाऊक होती, तीही गेली. अशा निवडणुकांना मतदान कमी होतं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

धुक्यातली_वाट | १४ फेब्रुवारी २०२३

सॅन फ्रान्सिस्कोतही पक्ष नसतो, पण आमच्याकडे दुसरी फेरीच नाही. एकाच मतपत्रिकेवर पहिली पसंती, दुसरी पसंती असं लिहायचं. आपल्याकडे विधान परिषदेला आमदार करतात तसं, फक्त इथे ते सामान्य माणसाला करावं लागतं. शेजारच्या ओकलंडमध्ये २०१० साली पहिल्या पसंतीत डॉन पेराटा पुढे होते, आणि खालच्या पसंतीची मतं फिरत फिरत जीन क्वान जिंकल्या. माझ्या सासूबाईंना हे समजावताना मी डब्यातल्या भाज्यांचं उदाहरण दिलं: पहिली भेंडी, संपली असेल तर गवार, तीही संपली तर भोपळा. त्या म्हणाल्या, "म्हणजे शेवटी भोपळाच येतो ना?"

मूळ प्रश्नाबद्दल: पक्ष लिहिला असता तरी तुला काय कळलं असतं? शिकागोच्या या नऊ जणांपैकी जवळपास सगळे डेमोक्रॅटच म्हणवतात.

लेकसाइडची_लेक | १५ फेब्रुवारी २०२३

@धुक्यातली_वाट, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. खरंच की! विली विल्सन यांनी तर २०२० मध्ये सेनेटसाठी स्वतःच्याच नावाचा पक्ष काढला होता.

@ओढ्याकाठचा, तेच विल्सन गेल्या वर्षी फुकट पेट्रोल वाटत होते. दोन लाख डॉलरचं, मग पुन्हा दहा लाखांचं. पंपांवर इतक्या रांगा की पोलिसांना यावं लागलं. तुमच्याकडच्या जेवणावळी आठवल्या.

ओढ्याकाठचा | १५ फेब्रुवारी २०२३

पेट्रोल लई महागात गेलं. आमच्याकडं रश्श्यावर भागतं. आणि सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून निवडणूक आयोगानं २०२१ मध्ये उमराणे आणि खोंडामळीची निवडणूक रद्द केली होती, ते वाचलं असंल. पक्ष नाही म्हटल्यावर काय काय होऊ शकतं बगा.

लूपमधला_बाबू | १ मार्च २०२३

निकाल आला. वॉलस ३३ टक्के, जॉन्सन २२ च्या जरा खाली, लाइटफूट १७, गार्सिया १४ च्या आसपास. लाइटफूट बाई बाहेर! २०१९ ला दुसऱ्या फेरीत पन्नासच्या पन्नास वॉर्ड जिंकल्या होत्या, आज पहिल्या दोघांतही नाहीत. पदावरचा महापौर पुन्हा उभा राहून हरण्याची वेळ १९८३ नंतर पहिलीच.

आता खरी गंमत. वॉलसच्या मागे पोलिसांची युनियन, जॉन्सनच्या मागे शिक्षकांची. माझं ऑफिस लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात आहे. संध्याकाळी सहानंतर गाडीची वाट बघत उभं राहताना जी भीती वाटते, त्यावरून माझं मत ठरलंय. वॉलस.

धुक्यातली_वाट | १ मार्च २०२३

लांबून बोलते, पण वॉलस यांची २००९ मधली एक मुलाखत सगळीकडे फिरतेय. आपण डेमोक्रॅटपेक्षा रिपब्लिकनच जास्त, अशा अर्थाचं ते तीत बोललेत. आता म्हणतात, जन्मभर डेमोक्रॅट. नेमका हाच प्रश्न होता ना धाग्याचा? मतपत्रिकेवर पक्ष नाही, आणि सगळा प्रचार "हा खरा कुठल्या पक्षाचा" यावरच चाललाय.

लूपमधला_बाबू | १ मार्च २०२३

आणि जॉन्सन यांचं तीन हजार डॉलरच्या वर पाण्याचं बिल थकलेलं होतं, ते?

ओढ्याकाठचा | १ मार्च २०२३

आमच्याकडं घरपट्टी-पाणीपट्टी थकली असंल तर सदस्य होता येत नाही. बेबाकी दाखला लागतो. अर्जाच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीची वर्षाची वसुली एका दिवसात होती.

अण्णा_शिकागोकर | १ मार्च २०२३

इथेही थकबाकी ठेवून शपथ घेता येत नाही. जॉन्सन यांनाही ती आधी भरावी लागेल. ते शिक्षक होते, युनियनचे पगारी संघटक होते, आता कुक काउंटीचे, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याचे, कमिशनर आहेत. वॉलस १९९५ ते २००१ इथल्या शाळांचे प्रमुख होते, मग फिलाडेल्फिया, मग न्यू ऑर्लीन्स. दोघंही शाळांतून आलेले आणि शाळांबद्दलच दोघांचं टोकाचं भांडण. लेक, तू यांच्या शाळांविषयीच्या भूमिका वाच. पोलिसांवर सगळेच बोलतात, पण मालमत्ता कराचा मोठा वाटा शाळांकडे जातो.

संपादक | २ मार्च २०२३

भारतातील सध्याच्या पक्षांवर आलेले सात प्रतिसाद काढून टाकले आहेत. धागा शिकागोचा आहे, त्याचं काश्मीर करू नये, म्हणजे भलत्या वादात ओढू नये.

आगाऊ_कार्टं | २ मार्च २०२३

म्हणजे धागाही आता पक्षविरहित झाला.

लेकसाइडची_लेक | २६ मार्च २०२३

मंडळी, जरा गोंधळ वाढलाय. सेनेटर डर्बिन वॉलसकडे, राज्याचे माजी सेक्रेटरी ऑफ स्टेट जेसी व्हाइटही वॉलसकडे. सेनेटर बर्नी सँडर्स, सेनेटर एलिझाबेथ वॉरन आणि गार्सिया जॉन्सनकडे. सँडर्स अपक्ष, बाकी सगळे एकाच पक्षाचे! दारावर दोन्हीकडचे कार्यकर्ते येऊन गेले. जॉन्सनच्या बाजूने आलेली मुलगी एका शाळेत शिकवते, तिच्या बोटांना मार्करची शाई होती. वॉलसच्या बाजूने आलेले काका निवृत्त होते, तीन मजले चढून आले म्हणून पाणी दिलं. दोघांनाही मी एकच विचारलं, "आमच्या मागच्या गल्लीतला दिवा पाच महिने बंद आहे, त्याचं काय?" दोघंही म्हणाले, ते नगरसेवकाला विचारा.

सदाशिव_शनिवार | २६ मार्च २०२३

हे उत्तर आंतरराष्ट्रीय आहे तर.

लेकसाइडची_लेक | ४ एप्रिल २०२३

दिलं मत. ग्रंथालयातल्या केंद्रावर. पडद्यावर भाषा निवडताना हिंदी होती, उगाच दाबून बघितली आणि परत इंग्रजीवर आले. बोटाला शाई नाही, छातीला स्टिकर. आईला व्हिडिओवर दाखवला तर म्हणाली, "पुसून दुसऱ्यांदा देता येईल की गं."

कुणाला दिलं ते सांगणार नाही.

लूपमधला_बाबू | ५ एप्रिल २०२३

जॉन्सन जिंकले. मोजणी अजून चालू आहे, टपालाची मतं यायचीत, पण वॉलस यांनी हार मान्य केली. पहिल्या फेरीत अकरा टक्के मागे असलेला माणूस पुढे आला. माझा अंदाज चुकला. असो, बर्फ पडला की भेटूच.

अण्णा_शिकागोकर | २० एप्रिल २०२३

अखेरचे आकडे: जॉन्सन ५२.२, वॉलस ४७.८. मतदान ३९ टक्क्यांच्या आत. दोनदा बोलावूनही दहातले सहा जण घरीच. पक्ष असो की नसो, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

नेपरव्हिल_काकू | २० एप्रिल २०२३

आमच्याकडे स्कॉट वेर्ली आले. अंगणातल्या पाट्यांचा माझा अंदाज बरोबर ठरला, नोंद घ्यावी.

लोनस्टार_लंबोदर | २३ सप्टेंबर २०२३

धागा वर काढतोय, कारण शब्द गिळायचे आहेत. आमचे डॅलसचे महापौर एरिक जॉन्सन, ज्यांच्याबद्दल मी "पक्षाच्या वर उठणं" वगैरे लिहिलं होतं, त्यांनी काल वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहून जाहीर केलं की आपण आता रिपब्लिकन. मे महिन्यात दुसरी टर्म जवळजवळ बिनविरोध मिळाली, जूनमध्ये शपथ, सप्टेंबरात पक्ष. कायद्याने काही चुकलं नाही, कारण मतपत्रिकेवर पक्ष नव्हताच. पण ऑफिसात आज दोन लोक एकमेकांशी बोलत नाहीयेत. एक म्हणतो फसवलं, दुसरा म्हणतो कचऱ्याची गाडी यापुढेही मंगळवारीच येणार ना, मग?

ओढ्याकाठचा | २३ सप्टेंबर २०२३

भाऊ, फुकटात झालं म्हणा. आमच्याकडं याला हॉटेल बुक करावं लागतं.

संपादक | २३ सप्टेंबर २०२३

ओढ्याकाठचा, शेवटची ताकीद.

धुक्यातली_वाट | २४ सप्टेंबर २०२३

@लेकसाइडची_लेक, सात महिने झाले. तुझ्या मूळ प्रश्नाचं काय ठरलं? पक्ष हवा की नको?

लेकसाइडची_लेक | २४ सप्टेंबर २०२३

नोव्हेंबरात पाच मिनिटं विचार केला होता, या वेळी सहा आठवडे केला. मला तरी पक्ष नसलेला चालेल. पण मी तीन मजले चढून आलेल्यांना पाणी देऊन प्रश्न विचारत बसू शकते. खालच्या मजल्यावरची बाई दोन नोकऱ्या करते. तिने मला विचारलं होतं, "यातला आपला कोण?" आणि मला एका शब्दात सांगता आलं नाही.

गल्लीतला दिवा लागला. जूनमध्ये. नगरसेवकाच्या ऑफिसात चार फोन केले तेव्हा. आता तो दिवसाही चालूच असतो.